छपराच्या कामाचे अंदाजपत्रक

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ अशी मराठीत म्हण आहे. घर बांधण्यातला खर्च आणि मनस्ताप ज्याने सोसला त्यालाच तो कळतो, असा तिचा आशय. पण बांधून झालेल्या घराचे छप्पर दुरुस्त करणे हे घर बांधण्याहूनही नाजूक काम आहे, याविषयी म्हण काही बोलत नाही. नवे घर उभे राहत असताना कुटुंब दुसरीकडे राहत असते. छप्पर दुरुस्त होत असताना ते बहुधा त्याच छपराखाली राहते. कौले उतरली, वासे उघडे पडले आणि नेमका त्याच वेळी पैशावरून वाद निघाला, तर घरमालकाला माघार घेता येत नाही आणि कारागिरालाही अर्धे काम टाकून जाणे शोभत नाही. वर ढग जमू लागलेले असतात. अशा घटकेला दोन पक्षांत जे ठरते ते खरे म्हणजे ठरणे नव्हे. ज्याची अडचण अधिक त्याने मान तुकवणे होय. ही वेळ येऊ नये म्हणून जे साधन आहे त्याचे नाव अंदाजपत्रक.

बडोद्यात, म्हणजे आजच्या वडोदरा शहरात, या साधनाची गरज दर वर्षी पडते. शहराचा वर्षभराचा पाऊस बहुतेक सगळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो, आणि कधी कधी तो सारे हिशेब चुकवून पडतो. ३१ जुलै २०१९ या एका दिवसात येथे चारशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि विश्वामित्रीचे पाणी वस्तीत शिरले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस शहराने पुन्हा पूर पाहिला. नदीचे पाणी अडवणे हे एकट्या कुटुंबाच्या हातचे काम नाही. डोक्यावरून येणारे पाणी अडवणे मात्र प्रत्येकाच्या हातचे आहे. म्हणून होळी उलटली की घरोघर छपराकडे नजर जाते, आणि कारागिराला बोलावून पहिला प्रश्न विचारला जातो: ‘खर्च किती येईल?’

सगळी गफलत या प्रश्नात आहे. कारागीर अंगणातूनच मान वर करून छपराकडे पाहतो आणि एक आकडा सांगतो. घरमालक तो आकडा दुसऱ्या कारागिराच्या आकड्याशी ताडून पाहतो, कमी असेल तो पत्करतो, आणि काम सुरू होते. कागदावर काही असलेच तर एक ओळ असते: ‘छप्पर दुरुस्त करून देणे, उक्ते, रुपये इतके.’ या ओळीत रक्कम आहे, काम मात्र नाही. ‘दुरुस्त’ या शब्दाचा अर्थ घरमालकाच्या मनात एक आणि कारागिराच्या मनात दुसरा असू शकतो. आणि दोघेही प्रामाणिक असले तरी भांडण व्हायचे ते होतेच. अंदाजपत्रक म्हणजे आकडा नव्हे. ते कामाचे वर्णन होय. रक्कम ही त्या वर्णनाची केवळ शेवटची ओळ आहे.

ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. पेशवाईच्या दप्तरात ‘अजमास’ आणि ‘बेहेडा’ हे शब्द वारंवार भेटतात. पुढील वर्षाच्या जमाखर्चाची आगाऊ, कलमवार मांडणी म्हणजे बेहेडा. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० रोजी गुजरात व महाराष्ट्र ही राज्ये वेगळी झाली. जुन्या मुंबई राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे निविदांचे नमुने मात्र दोन्हीकडे चालत राहिले. त्यांतील ‘बी-एक’ या नमुन्यात परिमाणे आणि दर खाते देते व ठेकेदार त्यावर किती टक्के अधिक किंवा उणे ते लिहितो. ‘बी-दोन’ या नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार स्वतः भरतो. पद्धती भिन्न असल्या तरी दोन्हींत एक गोष्ट समान आहे: काय करायचे ते आधी लिहायचे, किती करायचे ते मोजायचे, आणि मगच पैशाची गोष्ट काढायची. सरकारी कचेरीने पुलासाठी आणि इमारतीसाठी जी शिस्त पाळायची, ती चार खोल्यांच्या घरालाही लाभदायक आहे.

प्रथम मोजमापाचा विचार करावा, कारण बहुतेक वादांचे मूळ तेथे असते. उतरत्या छपराला दोन क्षेत्रफळे असतात. एक जमिनीवर पडणाऱ्या सावलीचे आणि दुसरे प्रत्यक्ष पाख्याचे. मांडवीच्या आसपास किंवा रावपुऱ्यात जुनी कौलारू घरे आहेत, त्यांपैकी एखादे उदाहरणादाखल घ्यावे. वळचणीसह त्याची लांबी १२ मीटर आणि रुंदी साडेसात मीटर आहे असे समजा. खालून फीत लावणारा म्हणेल, छप्पर ९० चौरस मीटर. पण आढे मध्यावर असून पाख्याचा उतार दोनास एक असेल, म्हणजे दोन मीटर आडवे गेल्यावर एक मीटर चढ असेल, तर पावणेचार मीटरच्या आडव्या अंतरावर पाख्याची खरी लांबी सुमारे ४.१९ मीटर भरते. दोन्ही पाखे मिळून क्षेत्र सुमारे १००.६ चौरस मीटर होते. चौरस मीटरला सुमारे १५ मंगळुरी कौले लागतात असे धरले तर फरक जवळजवळ १६० कौलांचा पडतो. हा फरक कोणी लबाडीने निर्माण केलेला नाही. तो उताराचाच आहे. पण अंदाजपत्रकात ‘माप पाख्यावरून घेतले आहे’ ही चार शब्दांची ओळ नसेल, तर घरमालकाला तो लबाडीच वाटेल.

येथे एक गंमतीची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कौलांची गणती पाख्यावरून करायची असली तरी पाण्याची गणती सावलीवरूनच करावी लागते, कारण पाऊस वरून सरळ पडतो असे धरूनच त्याचे माप घेतले जाते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. वरील घरावर चारशे मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडला तर ३६,००० लिटर पाणी पन्हळींतून वाहून जायला हवे. इमारतशास्त्राच्या रूढ तक्त्यांप्रमाणे, ताशी १०० मिलिमीटर वेगाने पडणाऱ्या पावसात १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा नळ सुमारे ४० चौरस मीटर छपराचे पाणी वाहून नेतो. म्हणजे ९० चौरस मीटरांना दोन नळ अपुरे आणि तीन नळ आवश्यक. ‘पन्हळ व नळ बसविणे’ एवढेच लिहिणारा कारागीर दोन नळ लावून मोकळा होईल आणि त्याने शब्द मोडला असे म्हणता येणार नाही. किती नळ, कोणत्या व्यासाचे, कोठे उतरणारे, हे लिहिले तरच ती बाब पुरी होते.

मापाची एककेही निश्चित हवीत. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी बांधकामाच्या जगात ‘ब्रास’ अजून नांदते आहे. क्षेत्रफळात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९.२९ चौरस मीटर. घनफळात ती १०० घनफूट होते. एक जण ब्रासने बोलतो, दुसरा चौरस मीटरने, आणि दोघांचे दर शेजारी ठेवून तुलना केली जाते. मग ती तुलना फसते यात नवल नाही. भारतीय मानक क्रमांक १२०० हे बांधकामाच्या मोजणीचे मानक अनेक भागांत आहे आणि त्याचा नववा भाग छपरावरील आच्छादनालाच वाहिलेला आहे. अशा मानकाचा हेतू एकच: एकच छप्पर दोघांनी मोजले तर उत्तर एकच यावे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विनिर्देशांत पत्र्याच्या छपराविषयी असा नियम आहे की, ०.४ चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याचे क्षेत्र मापातून वजा करायचे नाही आणि तो झरोका पाडण्याचे वेगळे पैसेही द्यायचे नाहीत. नियम लहानसाच, पण झरोक्यावरून होणारी कटकट तो आधीच मिटवतो.

मापानंतर साहित्याचे वर्णन. ‘कौले’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. देशी नळीची कौले की मंगळुरी? मंगळुरी कौलांचा इतिहास १८६५ साली बासेल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळुरात काढलेल्या कारखान्यापर्यंत मागे जातो; गुजरातेत मोरबी हे कौलांच्या उत्पादनाचे जुने केंद्र आहे. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसतीलच असे नाही. म्हणून जुन्या छपरात नवी कौले मिसळायची असतील तर ती कोणत्या जातीची आणि आकाराची, हे लिहिले पाहिजे. जुनी किती कौले पुन्हा वापरली जातील, फुटीसाठी शेकडा किती अधिक धरली आहेत, आणि उरलेली चांगली कौले कोणाची, याचाही उल्लेख हवा. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण काम संपल्यावर अंगणात रचलेल्या शंभर कौलांवरून स्नेह तुटल्याची उदाहरणे जुन्या वस्तीत ऐकायला मिळतात.

पत्र्याच्या बाबतीत अधिक सावधगिरी लागते, कारण तेथे डोळ्यांना फरक दिसत नाही. पत्र्याची जाडी व्यवहारात ‘गेज’मध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा वाढला की जाडी घटते. बावीस गेजचा पत्रा सुमारे ०.८० मिलिमीटर, तर चोवीस गेजचा ०.६३ मिलिमीटर. हे ठाऊक नसणाऱ्या गृहस्थाला चोवीसचा आकडा मोठा म्हणून पत्रा भक्कम वाटतो. तेव्हा जाडी मिलिमीटरमध्ये आणि जस्ताचा थर चौरस मीटरला किती ग्रॅम हे लिहून घ्यावे. पत्र्यावर पत्रा किती चढवायचा हेही लिहावे. वर सांगितलेल्या विनिर्देशांप्रमाणे, दोनास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर टोकाकडील चढण किमान १५ सेंटिमीटर आणि कमी उतारावर २० सेंटिमीटर असते. बाजूची चढण दोन नाळ्यांची असते. चढणीत गेलेला पत्रा मापात धरत नाहीत. झाकलेले क्षेत्र तेवढेच मोजतात. म्हणून दर सांगणाऱ्याने तो ‘चढणीसह’ आहे असे स्पष्ट म्हणावे. नाही तर घरमालक क्षेत्र मोजतो, कारागीर पत्रे मोजतो, आणि दोघांचे हिशेब जुळत नाहीत. पत्र्याला भोके नाळीच्या उंचवट्यावर पाडायची, खोलगट भागात कधीही नाही, आणि प्रत्येक बोल्टखाली डांबरी वॉशर हवा, एवढे लिहायला दोन ओळी पुरतात. त्या दोन ओळींवर पुढच्या कित्येक पावसाळ्यांची झोप अवलंबून असते.

अलकापुरीसारख्या वस्तीतील सपाट गच्च्यांची गोष्ट निराळी. तेथे गळती थांबवण्यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. त्याला पाण्याच्या मुखाकडे उतार द्यावा लागतो. शंभरास एक असा उतार धरला तर सहा मीटर अंतरावर सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. मुखापाशी कोबा सहा सेंटिमीटर जाड असेल तर दूरच्या कडेला बारा, म्हणजे सरासरी नऊ. ‘कोबा करणे’ असे लिहिणाऱ्याने कोणती जाडी धरली, सहाची की नवाची? साहित्यात दीडपटीचा फरक आहे. शिवाय नऊ सेंटिमीटर कोब्याचे वजन चौरस मीटरला दीडशे किलोंहून अधिक भरते. जुना कोबा न काढता त्यावरच नवा चढवला तर जुन्या स्लॅबवर हा सारा भार नव्याने पडतो. त्यामुळे ‘जुना कोबा स्लॅबपर्यंत खोदून काढणे, राडारोडा खाली उतरवून वाहून नेणे’ ही स्वतंत्र बाब लिहिलेली आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. गच्ची आणि कठडा यांच्या सांध्याला गोलाई देणे, आणि काम झाल्यावर ठरलेले तास, उदाहरणार्थ अठ्ठेचाळीस तास, पाणी साठवून पाहणे, याही दोन बाबी कागदावर असाव्यात.

आता सर्वांत अवघड भाग. छपराच्या कामात काही गोष्टी उघडल्यावाचून दिसत नाहीत. कौलांखालच्या रिपा कुजल्या आहेत का, वाशांना वाळवी लागली आहे का, भिंतीत गेलेले तुळईचे टोक शाबूत आहे का, हे अंगणातून कोणालाही सांगता येत नाही. येथे दोन वाटा चोखाळल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. एक कारागीर वाईटातले वाईट धरून रक्कम फुगवतो आणि काम हातचे घालवतो. दुसरा काहीच न धरता कमी रक्कम सांगतो, काम मिळवतो आणि कौले उतरल्यावर ‘हे तर त्यात नव्हते’ असे सांगून वाढीव पैसे मागतो. तिसरी वाट सरळ आहे. अंदाजपत्रकात एक बाब अशी लिहावी: ‘कुजलेले वासे बदलणे, अमुक लाकडाचे, अमुक मापाचे, अंदाजे सहा नग, दर नगास इतके, आकारणी प्रत्यक्ष बदललेल्या नगांप्रमाणे, काढलेले वासे मालकास दाखविल्यावाचून टाकू नयेत.’ असे लिहिले की जे दिसत नाही त्याचीही किंमत दोघांना ठाऊक होते. तीनच वासे निघाले तर मालकाचे पैसे वाचतात, नऊ निघाले तर कारागिराचे नुकसान होत नाही. कारागिराला सर्वज्ञ असण्याचे कारण नाही. जे ठाऊक आहे ते मोजून सांगावे आणि जे ठाऊक नाही त्याचा दर आधी सांगावा, एवढ्यात त्याची सचोटी सिद्ध होते.

अशा कलमवार लेखनाचा प्रत्यक्ष उपयोग तुलनेच्या वेळी दिसतो. समजा, एका घरासाठी दोन अंदाजपत्रके आली. पहिल्यात एकच ओळ आणि रक्कम ९०,००० रुपये. दुसऱ्यात अकरा बाबी आणि बेरीज १,१८,००० रुपये. प्रथमदर्शनी पहिले २८,००० रुपयांनी स्वस्त. पण दुसऱ्या कागदात वासे बदलण्याचे १२,०००, पन्हळी व नळांचे १४,००० आणि राडारोडा हलवण्याचे ५,००० रुपये धरलेले आहेत आणि पहिल्या कारागिराला विचारल्यावर यांतले काहीच त्याने धरलेले नाही असे आढळते. ही ३१,००० रुपयांची कामे वजा केली की दुसरा कारागीर तेच काम ८७,००० रुपयांत करतो आहे. महाग वाटणारा कागद वस्तुतः स्वस्त होता. अर्थात ही आकडेमोड पहिल्या कारागिराला प्रश्न विचारल्यावाचून करता आली नसती, आणि कोणते प्रश्न विचारावेत हे दुसऱ्याच्या कागदानेच शिकवले.

काय करणार हे जसे लिहायचे तसे काय करणार नाही हेही लिहायचे. आतल्या भिंतींचा रंग, वीजतारांची हलवाहलव, शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीची दुरुस्ती, या गोष्टी रकमेत नसतील तर ‘समाविष्ट नाही’ असे स्वच्छ म्हणावे. कराचाही उल्लेख हवा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला; सांगितलेली रक्कम करासह की कराव्यतिरिक्त, हे शेवटच्या ओळीत नसेल तर देयकाच्या वेळी धक्का बसतो. अंदाजपत्रकावर तारीख आणि ते किती दिवस ग्राह्य राहील ती मुदत असावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडवून नेली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. दोन्ही वेळा पावसाळा तोंडावर होता. अशा आपत्तीनंतर साहित्यही दुर्मिळ होते आणि कारागीरही. वादळापूर्वी दिलेला दर वादळानंतर पाळायचा का, हा प्रश्न तेव्हा सौजन्यावर सोडण्यापेक्षा मुदतीच्या एका ओळीने आधीच सोडवलेला बरा.

पैसे देण्याचे टप्पेही कामाच्या टप्प्यांशी बांधलेले असावेत: थोडी रक्कम आगाऊ, काही साहित्य जागेवर आल्यावर, काही काम पुरे झाल्यावर, आणि एक लहानसा हिस्सा पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवलेला. छपराची खरी परीक्षा कारागीर शिडी उतरल्यावर होत नाही, ती श्रावणात होते. राखून ठेवलेली रक्कम हा अविश्वास नव्हे. सरकारी कामांतही दोष दुरुस्त करण्याची मुदत आणि तोवरची अनामत असतेच. मात्र ती किती आणि केव्हा परत द्यायची हे लिहिलेले असावे, नाही तर मालकाच्या हातात ते छळाचे साधन होईल.

आणखी एक बाब अंदाजपत्रकांत क्वचितच आढळते, पण तिची किंमत सर्वांत मोठी आहे. ती म्हणजे छपरावर चढणाऱ्या माणसाची सुरक्षितता. जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळ झालेला असतो. त्यावर पाय पडला की माणूस आरपार खाली येतो. आडव्या फळ्या, छपराची शिडी, कमरेचा पट्टा, पराती यांचा खर्च ज्या कागदात नाही, त्या कागदातली स्वस्ताई मजुराच्या जिवावर घेतलेली असते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात आणि पत्रा फोडताना ते हवेत मिसळतात. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यासंबंधी महत्त्वाचा निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात मानले गेले. तेव्हा ‘जुने पत्रे न फोडता, ओले करून, अखंड उतरविणे’ ही बाब खर्चासह लिहिणे हे सुजाण कारागिराचे आणि ती मान्य करणे हे सुजाण मालकाचे कर्तव्य होय.

कायद्याच्या दृष्टीनेही स्पष्ट लेखनाचे महत्त्व मोठे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाप्रमाणे, ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही असा करार रद्दबातल ठरतो. त्या कलमाखालचे पहिले उदाहरण बोलके आहे: एकाने दुसऱ्याला ‘शंभर टन तेल’ विकण्याचे कबूल केले, पण कोणते तेल हे समजण्यास काही आधार नाही, असा करार टिकत नाही. ‘छप्पर दुरुस्त करणे’ ही ओळ त्या शंभर टन तेलाच्या फार जवळची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत गृहबांधणीचा उल्लेख आहे. पण आयोगापुढे गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की, नेमके काय द्यायचे ठरले होते? त्याचे उत्तर कागदाने द्यावे लागते, आठवणीने नव्हे.

बडोद्यात या लेखनाला भाषेचाही एक पदर आहे. दांडिया बाजारातील मराठी कुटुंब ज्याला गवंडी म्हणते त्याला येथे कडियो म्हणतात. कौलांना नळियां आणि अंदाजपत्रकाला भावपत्रक. बोलण्यात दोन्ही भाषा सहज मिसळतात आणि बहुधा अडत नाही. पण कागद गुजरातीत असेल तर मराठी मालकाने तो वाचून घ्यावा, आणि मराठीत असेल तर कारागिराला तो समजला आहे याची खात्री करावी. न समजलेल्या कागदावरची सही ही अर्धीच सही असते. शब्द अडला तर तेथे एक साधी आकृती काढावी: दोन पाखे, आढे, वळचण, नळांच्या जागा आणि मापे. आकृती दोन्ही भाषांत सारखीच वाचता येते.

कारागिराच्या हातात हत्याराबरोबर माप आणि आलेखही असावा, हा विचार या शहराला नवा नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने १८९० साली येथे कलाभवन स्थापन झाले. धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यावे हा त्या संस्थेमागचा आग्रह होता. तिचाच वारसा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखेकडे आला. त्याच १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडाही पुरा झाला. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. काम १८७८ साली सुरू झाले आणि १८८१ साली मँट वारले. आपली गणिते चुकली आहेत आणि इमारत कोसळेल, या धास्तीने त्यांचे मन खचले होते, अशी आख्यायिका सांगतात. पुढे रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले आणि राजवाडा आजही उभा आहे. आख्यायिकेत तथ्य किती हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यातला बोध घेण्यासारखा आहे. मनातल्या हिशेबाची भीती वाढतच जाते. कागदावर उतरलेला हिशेब दुसऱ्याला तपासता येतो आणि चूक असेल तर दुरुस्तही करता येतो.

म्हणून घरमालकाने ‘खर्च किती येईल?’ याऐवजी ‘काय काय करावे लागेल?’ असे विचारावे, आणि कारागिराने छपरावर चढून पाहिल्याखेरीज उत्तर देऊ नये. त्या पाहणीला अर्धा दिवस लागेल, कागद लिहायला एखादी संध्याकाळ. त्या वेळेचा वेगळा मोबदला मागितला तर तो आनंदाने द्यावा. हे सगळे चैत्र-वैशाखात, आभाळ निरभ्र असताना व्हावे. कारण तेव्हा दोघांनाही ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य असते, आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्याच ‘हो’ला किंमत असते. कागदाच्या दोन प्रती कराव्यात, दोघांनी सह्या कराव्यात, आणि काम चालू असताना जे अधिक-उणे होईल ते त्याच दिवशी दोन्ही प्रतींवर मांडावे. एवढे झाले की मृगाचा पहिला पाऊस येईल तेव्हा घरातल्या माणसांचे लक्ष पागोळ्यांकडे जाईल, देयकाकडे नव्हे.